कोपरा गेलेलं कार्ड

मखमलाबाद, नाशिक
३ जुलै १९८२

ती. गोजराआत्यास,

वत्सलाचा वाकून नमस्कार. पत्र उघडून ‘ही कोण वत्सला’ म्हणू नकोस. तुझ्या भावाची, सहादूची थोरली. आजीच्या वर्षश्राद्धाला तू आली होतीस तेव्हा मी आठवीत होते आणि तुझ्या पिशवीतलं नारळाचं बिस्कीट चोरून खाल्लं होतं. तुला कळलं होतं, पण तू कुणाला बोलली नाहीस. म्हणून आज तुलाच लिहिते आहे.

मला परळच्या पशुवैद्यकीय कॉलेजात प्रवेश मिळाला. काल पत्र आलं. मी गुरांची डॉक्टर होणार, हे आईला अजून नीट पटलेलं नाही. ती म्हणते, माणसांचे डॉक्टर संपले का? पण नानांना पटलं आहे. मागच्या पौषात आमची कपिला अडली, वासराचा पुढचा पाय मागे मुडपलेला. दवाखान्यातल्या डॉक्टरसाहेबांचा हात जाड, तो आत जाईना. त्यांनी मला दंडापर्यंत साबण लावायला सांगितला आणि ‘पाय कुठे लागतो ते बोल’ म्हणाले. मी चाचपडत चाचपडत तो पाय सरळ केला. वासरू जगलं. त्या दिवसापासून नाना कोणाशीही बोलताना ‘आमच्या वत्सीचा हात’ म्हणून सुरुवात करतात. डॉक्टरसाहेबांनीच फॉर्म भरून घेतला.

आता मुद्द्यावर येते. पहिल्या सत्राची फी आणि अनामत मिळून तीनशे पंच्याऐंशी रुपये. पांढरा कोट, गमबूट, चिरफाडीची पेटी वेगळी. पुस्तकं जुनी मिळतात म्हणे. हे सगळं फ्लॉवर विकून येणाऱ्या पट्टीतून होईल असं नाना म्हणतात. अडतंय ते राहण्याचं. मुलींच्या हॉस्टेलात जागा मोजक्या, पहिल्या वर्षाला धरून चालू नका असं डॉक्टरसाहेब म्हणाले. बाहेर खोली आणि खानावळ धरली तर महिन्याला तीनशेच्या खाली येत नाही. मी चारदा हिशेब केला, पाचव्यांदा आईनं पाटी काढून घेतली. नाना महिन्याला दीडशे देऊ शकतात, तेही भाजीला भाव राहिला तर. आणि मुंबईत परक्या घरी मुलगी ठेवणार नाही, हे त्यांनी आधीच सांगून टाकलं आहे.

तुझी चाळ कॉलेजपासून दहा मिनिटांवर आहे असं आई म्हणाली. तू खानावळ चालवतेस, तेव्हा एका पानानं तुला फार फरक पडणार नाही असं मला वाटतं. चुकत असेन तर कान धर. मी जेवणाचे आणि राहण्याचे पैसे देईन. किती ते तू सांग. गिरण्यांचा संप चालू आहे असं रेडिओवर ऐकतो. धोंडीराममामांचं काम कसं आहे?

तुझी,
वत्सला


परळ, मुंबई
७ जुलै

चि. वत्सलास आत्याचे आणि मामांचे आशीर्वाद. बिस्किटं तीन होती, एक नव्हे. कार्डावर जागा थोडी, म्हणून थोडक्यात लिहिते. तू इथेच राहायचं. माळा रिकामा आहे, झोपायला तो तुझा. अभ्यासाला चाळीच्या गॅलरीत दिवा आहे. आपल्या घरात आजवर कोणी पोरगी गणपतीच्या आरतीपलीकडे काही पाठ करून दाखवू शकली नाही, तू डॉक्टर होतेस, मग परक्या दारात कशाला जाशील? भाडं, खानावळ, पैसे असले शब्द पुन्हा लिहिलेस तर मुंबईत पाऊल टाकू नकोस. भाचीच्या जेवणाचे पैसे घेणारी आत्या अजून जन्मायची आहे. संपाचं मनावर घेऊ नको. गिरणी बंद असली तरी माणसाचं पोट बंद राहत नाही. दोन्ही वेळचं मिळून पंधरा पानांचं काम आहे. मामा मजेत. मालनवहिनीला आणि सहादूला सांग, काळजी नको.

गोजराबाई


मखमलाबाद
११ जुलै १९८२

ती. आत्यास,

तुझं कार्ड मिळालं. मला मिळण्याआधी ते सगळ्या गल्लीला मिळालं. आमचा पोस्टमन फकिरा ओट्यावर उभा राहूनच कार्ड वाचतो. त्याला ते सरकारी काम वाटतं. शेजारच्या नवसाबाई भांडी घासायच्या थांबल्या, आई दारात आली आणि नाना कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होते त्यांनीही ऐकलं. ‘भाचीच्या जेवणाचे पैसे घेणारी आत्या अजून जन्मायची आहे’ हे वाक्य फकिरानं दोनदा वाचलं, त्याला फार आवडलं. तेव्हा आत्या, हात जोडते, यापुढे आंतरदेशीय पत्र घाल. वीस पैसे जास्त जातील, पण चिकटवता तरी येतं.

नानांनी हातातलं काम सोडलं नाही. जुड्या बांधून झाल्या, हात धुतले, मग म्हणाले, “बहिणीच्या दारात भावानं द्यायला जायचं असतं. घ्यायला नाय.” मग बैल सोडायला गेले. तू चिंता करू नकोस, ते ‘बघू’ म्हणाले आहेत. त्यांचा स्वभाव तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

म्हणून माझं ऐक. तू तुझ्या बाकीच्या पानांना लावतेस तोच दर मला लाव. एकशे दहा असेल तर एकशे दहा. नाना खुशीनं देतील. मला फुकट राहून कॉलेजात जाताना मान वर करता येणार नाही, आणि नानांना झोप लागणार नाही. तुला हातात घ्यायला नको वाटत असेल तर मी दर पहिल्या तारखेला पैसे पिठाच्या डब्याखाली ठेवीन आणि तू ते कुठून आले म्हणून आश्चर्य करीत जा. सकाळी कॉलेजच्या आधी भाजी निवडून देईन, संध्याकाळी भाकऱ्या थापीन. माझ्या भाकरीला आई नकाशा म्हणते, पण पोटात गेल्यावर नकाशा कोण बघतो?

उत्तर लवकर दे. फी भरायची शेवटची तारीख ३१ जुलै आहे.

वत्सला


परळ
१५ जुलै

चि. वत्सलास,

घे, आंतरदेशीय पत्र. सकाळचे अकरा वाजलेत, निवांत बसून लिहिते आहे, म्हणून सविस्तर.

तू हिशेबात हुशार आहेस, पण आपल्या घरची रीत तुला कुणी शिकवली नाही असं दिसतं. मी लग्न होऊन या चाळीत आले तेव्हा तुझा बाप चड्डी सावरत माझ्यामागे स्टेशनपर्यंत रडत आला होता. त्याच्या पोरीच्या ताटाला मी भाव लावायचा, आणि तो महिन्याच्या महिन्याला मनीऑर्डर करणार? चाळीतल्या बायका काय म्हणतील ते जाऊ दे, मला स्वतःलाच घास गिळणार नाही. पिठाच्या डब्याखाली ठेवलेस तर त्या पैशांच्या तुलाच पोथ्या आणून देईन. पोथ्या म्हणजे तुझ्या कॉलेजच्या, देवाच्या नव्हेत.

सहादूला सांग की माझं बरं चाललं आहे. उगाच का सांगते? मोठी पातेली घासूनपुसून ठेवली आहेत, माळा झाडून काढला, तुझ्यासाठी खिळा ठोकला गमबूट टांगायला. जागेची तर अजिबात अडचण नाही. शेजारच्या लंकाबाई एकट्याच आहेत सध्या, त्यांचे दोघे मुलगे गावी गेलेत. त्यांनी एक शेळी पाळली आहे, ती जिन्यात बसते आणि येणाऱ्याजाणाऱ्याची पिशवी चाळते. तुझं पहिलं गिऱ्हाईक म्हणून तिला सांगून ठेवलं आहे. तिला बहुतेक पोटाचा विकार आहे, काहीही खाते.

पैशाचा विषय संपला. येण्याची तारीख कळव.

आत्या


मखमलाबाद
१९ जुलै १९८२

ती. आत्यास,

सकाळी अकरा वाजता तुला निवांतपणा मिळतो हे वाचून बरं वाटलं. हाताखाली बाई ठेवलेली दिसते. पंधरा पानांना एकटीनं किती पुरे पडायचं?

आता खरं लिहिते, कारण दिवस राहिले बारा. नाना ‘बघू’ म्हणाले नव्हते. ‘नाही’ म्हणाले होते. बहिणीच्या भरल्या घरात पोर फुकट जेवायला धाडणारा भाऊ मी नाही, असं म्हणाले. संपाचं विचारलं तर म्हणतात, अक्काचं बरं चाललं आहे, तिला माझं काही नको. आणि त्यांचा निश्चय म्हणजे दगडावरची रेघ. चार दिवस मी आईला मध्ये घातलं, काही उपयोग झाला नाही.

मग मी एक उद्योग केला. तुझं आंतरदेशीय पत्र नानांना मीच वाचून दाखवलं आणि वाचताना ध चा मा केला. जिथे तू ‘पैसे नको’ म्हटलं आहेस, तिथे मी ‘एकशे दहा रुपये घेईन, भाची झाली म्हणून काय झालं, धंदा तो धंदा’ असं वाचलं. मला स्वतःलाच ते ऐकून तुझा राग आला. नानांनी मान हलवली आणि म्हणाले, अक्का असं लिहिणार नाही. मी म्हटलं, लिहिलं आहे की. ते म्हणाले, फकिराकडून ऐकेन तेव्हा खरं.

म्हणजे आता ज्या कार्डाला मी नको नको म्हटलं तेच हवं आहे. आत्या, एकच उघडं कार्ड घाल. त्यात लिही की वत्सलाचे महिन्याला एकशे दहा घेईन. पुढे घे, नको घेऊस, तुझी मर्जी. तुला खोटं बोलायला लावते आहे, माफ कर. पण हे झालं नाही तर जागा दुसऱ्याला जाईल, आणि मग मी इथेच राहीन. तालुक्याच्या डॉक्टरांना साबण लावून देत.

कॉलेजच्या पत्राचा क्रमांक २१७, माझं नाव यादीत बावन्नावं. फॉर्मवर ‘स्थानिक पालक’ म्हणून कोणाची तरी सही लागते. मी तुझं नाव लिहिलं आहे. तुला विचारलं नाही.

वत्सला


मखमलाबाद
२७ जुलै १९८२, सकाळी

ती. आत्यास,

हे पत्र तुला मिळेल तोवर नाना तुझ्या दारात येऊन गेले असतील. तरी मला लिहिल्याशिवाय राहवत नाही. रात्रभर मी एकटीच हसते आहे आणि रडते आहे, आई मला वेडी म्हणते.

काल मी दाखल्यासाठी तहसील कचेरीत गेले होते. मागे दुपारी फकिरा आला. नेहमीसारखा ओट्यावर चढला नाही, फाटकाबाहेरच उभा राहिला आणि नानांना हाक मारली. त्याच्या हातात कार्ड होतं आणि कार्डाचा कोपरा नव्हता. कोपरा फाडलेलं कार्ड म्हणजे कोणीतरी गेल्याची खबर, हे आपल्याकडे शाळेचं तोंड न पाहिलेल्यालाही कळतं. असं कार्ड फकिरा वाचत नाही. घरात कोणी नेत नाही. नानांनी फक्त पत्ता पाहिला. मुंबईचा शिक्का, आणि अक्षर धोंडीराममामांचं. एरवी पत्ता तुझ्या हातचा असतो. मामांनी पत्ता लिहिला याचा अर्थ नानांनी लावला, आणि पुढची एक ओळही त्यांच्यानं वाचवली नाही. कार्ड गोठ्याच्या भिंतीवर दगडाखाली ठेवलं आणि तिथेच खाली बसले.

आई सांगते, एवढ्या वर्षांत तिनं नानांना असं रडताना पाहिलं नव्हतं. मी संध्याकाळी आले तेव्हा चूल विझवलेली, अंगणात नवसाबाई आणि आणखी चारपाच बाया बसलेल्या. नाना अंघोळ करून काळूच्या गाडीची वाट बघत होते. काळू आमची भाजी भायखळ्याला नेतो, त्याच्याबरोबर जायचं ठरलं होतं. घरात होते नव्हते ते सहाशे चाळीस रुपये त्यांनी कंबरेला बांधले. म्हणाले, तिचा दहावा इथे गंगेवर आपणच करू, रामकुंडापर्यंत तिला मीच आणीन. आईनं पेटीतून तिचं कोरं हिरवं लुगडं काढून दिलं. सवाष्ण गेली तर अंगावर माहेरचं पडायला हवं.

मी काय केलं असेल? मीही रडले. जोरात. गाडी निघून गेल्यावर, सगळ्या बाया उठून गेल्यावर मला वाटलं, आत्या माझ्यामुळे गेली, मी तिला एवढं खोटं बोलायला लावलं. निदान मामांनी काय लिहिलं आहे ते तरी बघू म्हणून मी कंदील घेऊन गोठ्याशी गेले.

तुझंच अक्षर. “चि. सहादूस, वत्सलाचे महिना एकशे दहा रुपये घेईन, बाकीच्यांना जो दर तोच. तुझ्या पोरीला एक तीळ फुकट मिळणार नाही. हे फकिरानं मोठ्यानं वाचावं.” खाली मामांच्या अक्षरात, “ता. क. पत्ता लिहून ठेवलेला कोपरा लंकाबाईंच्या शेळीनं खाल्ला, म्हणून पत्ता पुन्हा मी लिहिला आहे. गैरसमज नसावा.”

आत्या, गैरसमज झाला आहे. नाना एव्हाना तुझ्या दारात पोचले असतील. दार तू उघडलं असशील तर त्यांना धरलंस ना?

वत्सला


परळ
२८ जुलै १९८२

चि. वत्सलास,

मी जिवंत आहे. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील. हे पत्र सहादूजवळच देते आहे.

दार मी उघडलं नाही. मी नळावर होते. दार उघडलं तुझ्या मामांनी, तोंडात दात घासायची राखुंडी. समोर सहादू, डोळे सुजलेले. त्यानं यांच्या गळ्याला मिठी मारली आणि हंबरडा फोडला. यांना वाटलं, नाशकात मालनवहिनी गेली. तेही रडायला लागले. दोघं एकमेकांना धरून रडताहेत, ‘कसं झालं, कसं झालं’ म्हणताहेत आणि दोघांपैकी कोणाला काही माहीत नाही. मी हंडा घेऊन आले आणि विचारलं, “कोण गेलं?”

सहादूनं वळून पाहिलं. त्याच्या हातातलं गाठोडं खाली पडलं आणि तो उंबऱ्यावर बसला. माझे पाय उलटे तर नाहीत, हे आधी नीट बघून घेतलं. मग म्हणाला, “अक्का, तू हायेस.”

पोरी, लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत कोणी मला असं म्हटलं नव्हतं. मी हंड्यातलं पाणी त्याच्या डोक्यावर ओतलं, दुसरं काही सुचेना.

शेळीचा उलगडा मग झाला. कोपरा खाल्ला तेव्हा मी यांना म्हटलं होतं, ते कार्ड फाडा, दुसरं आणा, कोपरा गेलेलं कार्ड घालू नये. यांनी पत्ता नवा लिहिला, तेच कार्ड पेटीत टाकलं आणि पंधरा पैसे वाचवले. पंधरा पैशांत बायको मारणारा माणूस सगळ्या परळात सापडायचा नाही. पण त्यांनाही किती बोलणार. तू आता डॉक्टर होणार, तेव्हा तुझ्यापासून काय लपवायचं. पंधरा पैसे वाचवावे लागतात, अशीच स्थिती आहे.

तुझा बाप चहा घेऊन उठला तो चुलीशी गेला. चूल थंड. पातेली चकचकीत, एकावर एक. त्यानं विचारलं, “पानं कुठंयत?” मी झाकली मूठ उघडली. जानेवारीत गिरणी बंद पडली, तशी जेवणारी माणसं एकेक करून गावाला गेली. शेवटचे दोघे मे महिन्यात गेले. पंधरा पानांपैकी दोन खरी, आमच्या दोघांची. बाकी तेरा मी तुला पत्रातून वाढत होते. अकरा वाजता निवांत का होते, ते आता कळलं असेल. हाताखाली बाई म्हणे.

सहादू भिंतीला टेकून बसला. म्हणाला, “सहा महिने. मला एक कार्ड टाकता आलं नाय तुला?”

मी म्हटलं, तुला कळवलं असतं तर तू पोरीला पाठवलं असतंस का? म्हणून नाही कळवलं.

त्यावर तो जे बोलला ते मी जन्मात विसरायची नाही. म्हणाला, “आता पाठवतो. तुझं बरं चाललंय म्हणून तर नाय म्हणत होतो. भरल्या घरात मी काय द्यायचं, अक्का? आता मला द्यायला जागा हाय.”

बघ आपली अक्कल. तू यावीस म्हणून मी जे झाकून ठेवलं, ते पहिल्याच कार्डात लिहिलं असतं तर तू आतापर्यंत माळ्यावर झोपत असतीस. आणि तू बिचारी माझं पत्र वाचता वाचता बदलत बसलीस. त्याला सगळं सांगितलं मी. तो फक्त म्हणाला, तरी मला वाटलंच, अक्का ‘धंदा तो धंदा’ म्हणायची नाही.

मग ठरवाठरवीला बसलो. काळूची गाडी आठवड्यातून तीनदा भायखळ्याला येतेच. येताना दोन पोती माझ्यासाठी उतरवील. मेथी, फ्लॉवर, वांगी, दिवसाला जे निघेल ते. माहेराहून येणारा वानोळा आहे, त्याला नाही म्हणायची माझी छाती नाही. तांदूळ, ज्वारी आम्ही बघू. तू एकशे दहा द्यायचे नाहीस, मी मागायचे नाहीत. सकाळी भाजी निवडायची आणि नकाशे थापायचे, ते मात्र मी सोडणार नाही. पातेल्यांचं काय, ते तुझ्या कॉलेजातच सुटलं, ते पुढे सांगते.

तर काल दुपारीच आम्ही फी भरायला निघालो. म्हटलं, एकतीस तारखेची वाट कशाला बघायची, तोवर आणखी कोणी तरी मरायचं. मी नेसायला काढायला पेटी उघडली. धड लुगडं एकही नाही. सहादूचं गाठोडं तिथेच पडलं होतं. मी सोडलं. वहिनीचं कोरं हिरवं लुगडं. मी ते घडी मोडून नेसायला लागले तशी त्यानं मला अडवलं, अक्का ते नको, ते कशाला आणलंय तुला ठाऊक आहे, अपशकुन होईल. लंकाबाईंनीही दारातून तोंडावर हात ठेवला. मी म्हटलं, “मेल्यावर नेसवलं असतंस, तर माहेराहून काय आलं ते मला कळलं असतं का?”

आणि मी नेसले. लांबीला जरा तोकडं आहे, वहिनी माझ्यापेक्षा बुटकी. पण रंग माझ्यावर खुलतो, असं यांनी स्वतः सांगितलं, आणि ते असं काही फारसं बोलत नाहीत.

कॉलेजात कारकुनाला तुझं प्रवेशपत्र हवं होतं. ते आमच्याकडे कुठलं? मी तुझं एकोणीस तारखेचं पत्र दिलं, त्यात क्रमांक होता. त्यानं क्रमांक बघायला घेतलं आणि सगळंच वाचलं. मधेच हसला, पुन्हा वाचलं. यादीत तुझं नाव सापडलं, बावन्नावं. म्हणाला, मुलीला सात ऑगस्टला मूळ कागद घेऊन पाठवा. मग फॉर्मवर स्थानिक पालक म्हणून माझी सही घेतली. व्यवसाय विचारला. मी म्हटलं, खानावळ. त्यानं विचारलं, भाकरी मिळते का? हॉस्टेलातली मुलं रोज विचारतात, इथे भाकरी कुठे मिळते. मी म्हटलं, सोमवारपासून मिळेल. त्यानं चाळीचं नाव फळ्यावर लावायला लिहून घेतलं आणि स्वतःचं एक पान आधीच सांगून ठेवलं.

पैसे भरायची वेळ आली तेव्हा सहादूनं कंबरेची गाठ सोडली. तीनशे पंच्याऐंशी मोजले, खिडकीतून आत सरकवले आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, “अक्का, हे तुझ्या दहाव्याला आणले होते.”

कारकुनानं पावती फाडली. ती घेऊन आम्ही दोघं भावंडं पायरीवर येऊन बसलो, आणि जे हसू लागलो ते थांबेचना. हिरवं लुगडं, पावती हातात, डोळ्यांतून पाणी. येणारीजाणारी पोरं बघत होती. यापैकी एखादा उद्या आपल्याकडे जेवायला येईल म्हणून मी डोळे पुसले.

फी भरली आहे, वत्सला. तुझी जागा पक्की. सात तारखेला ये. आणि लोकांनी विचारलं तर सांग, माझ्या आत्याचा दहावा फार चांगला झाला, ती स्वतः हजर होती.

तुझी स्थानिक पालक,
गोजराआत्या